नैराश्याची शंका आली तर: घरातल्या माणसाने काय करायचं

हा लेख मुख्यतः जो आजारी नाही त्याच्यासाठी आहे. नवरा, बायको, मुलगी, भाऊ, होस्टेलवरची रूममेट, शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी. पोट दुखणारा माणूस स्वतः रिक्षा करून दवाखान्यात जातो. नैराश्यात मात्र उठून जायची ताकद, जाऊन उपयोग होईल ही आशा आणि आज जावं की उद्या हे ठरवण्याची कुवत, नेमक्या या तीन गोष्टी आजार आधी काढून घेतो. "मला काही फरक पडणार नाही, उगाच पैसे घालवू नका" हे त्या माणसाचं मत नसतं, ते आजाराचं लक्षण असतं. म्हणून त्याने स्वतःहून मदत मागावी याची वाट बघू नका. अपॉइंटमेंट तुम्ही घ्यायची, रिक्षाही तुम्हीच बोलवायची.

(तुम्ही स्वतः त्या अवस्थेत हे वाचत असाल, तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही. ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका माणसाला मेसेज करा: "मला डॉक्टरकडे घेऊन चल. कुठे, कधी ते तूच ठरव." तेही जमत नसेल तर १४४१६ या सरकारच्या फुकट मदतवाहिनीला फोन लावा. बाकी सगळं नंतर.)

बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण चित्र इथे फार वेगळं असेल असं मानायला कारण दिसत नाही. साधारण दर २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार झालेला होता, आणि ज्यांना आजार होता त्यांतल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. डॉक्टर कमी आहेत हे एक कारण. पण घरातल्या कुणाच्या लक्षातच आलं नाही, किंवा लक्षात येऊन "होईल ठीक" म्हणून सोडून दिलं, हेही तितकंच मोठं कारण आहे.

१. दोन आठवडे नीट लक्ष ठेवा

आपल्याकडे नैराश्य बहुतेक वेळा "मी उदास आहे" असं म्हणत येत नाही. ते अंगदुखी, डोकं जड होणं, पोटात गॅस, छातीत धडधड, "अंगात त्राणच नाही" अशा तक्रारी घेऊन येतं. मग ईसीजी होतो, सोनोग्राफी होते, कधी एंडोस्कोपी होते. सगळं नॉर्मल येतं. कुणीतरी म्हणतं, सलाईन लावून घ्या. सलाईनने दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस मात्र दिवसेंदिवस खंगतोय, असं झालं की नैराश्याची शंका घ्या.

झोपेकडे आधी बघा. काहींना झोप लागतच नाही. पण पहाटे तीन-चारला जाग येणं आणि मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडणं हे विशेष लक्षात ठेवण्यासारखं आहे. अशा माणसाची सकाळ सगळ्यात वाईट जाते. संध्याकाळकडे तो थोडा बोलतो, जेवतो, आणि घरच्यांना वाटतं, "आता बरा होता की, सकाळी नाटक करत होता." नाटक नव्हे. दिवसातला हा चढउतार आजाराचाच भाग असतो. काही जण, विशेषतः तरुण मुलं, उलट दिवसभर झोपतात.

दुसरी गोष्ट गोडी. क्रिकेट लावलेलं आहे पण बघणं नाही. नातवंड मांडीवर येऊन बसलं तरी चेहरा हलत नाही. अंघोळ पुढे ढकलली जाते, केस विंचरायचे राहतात, फोन वाजत राहतो. भाजीत दोनदा मीठ पडतं किंवा पडतच नाही, कारण लक्ष एका जागी राहत नाही. भूक जाते आणि कपडे सैल होतात. क्वचित उलट होऊन खाणं वाढतं. हालचाल आणि बोलणं इतकं मंदावतं की प्रश्न विचारल्यावर उत्तराला वेळ लागतो, किंवा उलट माणूस एका जागी बसूच शकत नाही, येरझाऱ्या घालतो. साधे निर्णय जमत नाहीत. आणि बोलण्यात अपराधीपणा येऊ लागतो: वीस वर्षांपूर्वीची चूक, "मी कुणाच्या कामाचा नाही", "माझ्यामुळे तुम्हाला त्रास". हे शेवटचं वाक्य कानावर आलं की सावध व्हा.

यांपैकी निदान पाच गोष्टी, त्यांत मनाची उदासी किंवा गोडी जाणं यांपैकी एक असलीच पाहिजे, जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ, दोन आठवडे किंवा जास्त टिकल्या आणि रोजच्या कामात अडथळा येऊ लागला, तर डॉक्टर त्याला नैराश्याचा आजार म्हणतात. मोजणी तुम्ही काटेकोर करायची गरज नाही. तीन-चार दिसत असल्या तरी पुरे, दाखवून घ्या. आणि जीव देण्याचं बोलणं निघालं तर दोन आठवडे वगैरे काही बघायचं नाही.

काही जणांत ओळखणं अवघड जातं. पुरुषांमध्ये उदासीऐवजी चिडचिड दिसते, दारू वाढते, मोटारसायकल बेफाम चालते. घरात सगळे म्हणतात "स्वभाव बिघडलाय". सत्तरीच्या पुढे विसराळूपणा दिसतो आणि सगळे स्मृतिभ्रंश धरून बसतात. त्यांतल्या काहींना नैराश्य असतं आणि उपचारांनी विसराळूपणासुद्धा कमी होतो. शाळकरी मुलात चिडकेपणा, पोटदुखीचं निमित्त, एकदम घसरलेले मार्क. बाळंतिणीत पहिल्या आठवड्यातलं रडू येणं बहुधा आपोआप निवळतं. पण दोन आठवड्यांनंतरही तिला बाळाकडे बघवत नसेल, बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नसेल, "मी आई म्हणून नालायक" असं ती म्हणत असेल, तर ते माहेरी पाठवून सुटणारं प्रकरण नाही. तिला भलतेसलते आवाज ऐकू येऊ लागले किंवा बाळाबद्दल विचित्र कल्पना मनात आल्या, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यायचं.

दुःख आणि नैराश्य यांतला फरक सगळे विचारतात. घरात मृत्यू झाल्यावर दुःख लाटांनी येतं. मध्येच गेलेल्या माणसाचा एखादा किस्सा निघतो आणि डोळ्यांत पाणी असतानाही हसू येतं. स्वतःची किंमत शाबूत असते. नैराश्यात हसू येत नाही आणि राग स्वतःवरच वळतो. मात्र दुःखातूनही नैराश्य सुरू होऊ शकतं. एक गैरसमज तर मला फार घातक वाटतो: "कर्ज आहे, म्हणून तो असा आहे. यात आजार कसला?" कारण सापडलं म्हणून आजार नाहीसा होत नाही. पाय घसरून हाड मोडलं तरी प्लास्टर घालतातच. कर्जाचं काय करायचं ते बघाच, पण ते फेडायला जी डोक्याची ताकद लागते ती परत आणायला उपचार लागतात.

२. नऊ प्रश्न

पीएचक्यू-९ नावाची एक साधी प्रश्नावली आहे. २००१ पासून जगभर वापरात आहे, मराठीतही मिळते, आणि ती वापरायला पैसे लागत नाहीत. गेल्या दोन आठवड्यांत वर सांगितलेल्यांपैकी प्रत्येक त्रास किती दिवस झाला, एवढंच ती विचारते. अजिबात नाही तर शून्य, जवळपास रोज तर तीन. एकूण गुण २७ पर्यंत जातात. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवायला हवं, २० किंवा जास्त म्हणजे तीव्र. हे निदान नव्हे. पण "तुला डिप्रेशन आहे" असं तोंडावर म्हणण्यापेक्षा कागद पुढे ठेवून "चल, हे भरू या" म्हणणं सोपं जातं, आणि तोच कागद डॉक्टरांच्या कामाला येतो. महिन्याने पुन्हा भरला की फरक पडला का तेही कळतं.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. बाकी बेरीज कितीही कमी असो, त्या प्रश्नाला शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर पुढचा भाग आधी वाचा.

३. बोलायचं कसं, आणि अवघड प्रश्न कसा विचारायचा

चार जणांत नको. जेवणाच्या ताटावर नको. बरोबर चालताना, गाडीत, ओट्याशी भाजी निवडताना, म्हणजे डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही अशा वेळी बोलणं सोपं होतं. जे दिसलं तेच सांगा: "गेले पंधरा दिवस तू चारला उठून बसतोस. जेवण निम्म्यावर आलंय. मला काळजी वाटते." नाव देऊ नका, कारण शोधू नका. आणि मग गप्प बसा. तो गप्प राहिला तर तुम्हीही राहा. आपल्याला शांतता सहन होत नाही म्हणून आपण सल्ला सुरू करतो.

न बोलण्याच्या गोष्टी तुम्हाला ठाऊकच आहेत, कारण त्या आपण सगळेच बोलतो. मन घट्ट कर. लोकांची दुःखं बघ जरा. कशाची कमी आहे तुला? योगा कर. सकारात्मक विचार कर. यातलं "कशाची कमी आहे" सगळ्यात वाईट, कारण ज्याच्या डोक्यात आधीच अपराधीपणा भरलेला आहे त्याला ते आणखी एक कलम लावतं.

आता अवघड प्रश्न. तो सरळ विचारायचा. "इतकं नकोसं झालंय का, की जीव द्यावा असं मनात येतं?" विचारल्याने मनात नसलेला विचार रुजतो ही भीती खोटी आहे. उलट विचारणारं कुणी भेटलं की बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. "हो" आलं तर घाबरून ओरडू नका, शपथा घालू नका, "मुलांचा विचार कर" म्हणू नका. पुढचं विचारा: काही ठरवलंय का? कधी? आधी कधी प्रयत्न केला होता का? आणि "कुणाला सांगू नकोस" असं वचन मागितलं तर देऊ नका. "तुला सुखरूप ठेवायला ज्याला सांगावं लागेल त्याला सांगणार" हे स्पष्ट बोला.

त्यानंतर एकटं सोडायचं नाही. शेतघरात किंवा पडवीत कीटकनाशकांचे डबे असतील तर ते आजच शेजाऱ्याच्या कुलपात हलवा. उद्या फवारणी असली तरीही. घरातल्या गोळ्या तुमच्या ताब्यात घ्या, आजीच्या बीपीच्या आणि झोपेच्यासुद्धा. मरणाची ऊर्मी कित्येकदा काही तासांत ओसरते, आणि त्या तासांत हाताशी काय असतं यावर फार काही अवलंबून असतं. योजना ठरलेली असेल, बँकेची कागदपत्रं समजावून देणं चाललं असेल, वस्तू वाटल्या जात असतील, किंवा आठवडे तळमळणारा माणूस एकाएकी शांत झाला असेल, तर त्याच दिवशी जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८, तातडीच्या मदतीसाठी ११२.

पोलीस केस होईल म्हणून लोक प्रयत्नानंतरही रुग्णालय टाळतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस, वेगळं सिद्ध होत नाही तोवर, तीव्र ताणाखाली होता असंच मानायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं जुनं कलम ३०९ त्या रूपात उरलेलंच नाही. रुग्णालय नोंद करेल, पोलीस जबाब घेतील. पण त्यापायी उपचाराला उशीर करू नका.

४. कुठे जायचं

उघडेल ते दार. शहरातला सर्वोत्तम मानसोपचारतज्ज्ञ शोधण्यात तीन आठवडे घालवण्यापेक्षा उद्या जो भेटेल तो बरा.

फॅमिली डॉक्टर हे सगळ्यात सोपं पहिलं दार आहे, कारण तिथे जाताना कुणी "वेड्यांचा डॉक्टर" म्हणत नाही. मात्र आत जाऊन नुसतं "अशक्तपणा आहे" म्हणू नका. झोप, गोडी, रडू, मरणाचे विचार हे शब्द उच्चारा, नाहीतर बी-१२ चं इंजेक्शन घेऊन परत याल. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड आणि बी-१२ या तपासण्या करून घेण्यात अर्थ आहे. थायरॉईड मंदावलं तरी माणूस असाच दिसतो, आणि स्टेरॉईडसारख्या काही औषधांनीही मन बिघडतं. तपासण्या नॉर्मल आल्या म्हणजे काही झालेलं नाही असं नव्हे. तेव्हा पुढची पायरी मानसोपचारतज्ज्ञ.

नावांचा गोंधळ होतो, म्हणून थोडक्यात. सायकिअॅट्रिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारांत एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. तो गोळ्या लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि मानसोपचार, म्हणजे बोलण्यातून होणारे उपचार, करतो, गोळ्या देत नाही. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारायला लाजू नका. समुपदेशक किंवा काउन्सेलर या नावाखाली मात्र उत्तम प्रशिक्षित माणसापासून पंधरा दिवसांचा कोर्स केलेल्यापर्यंत कुणीही असू शकतं. सौम्य त्रासात चांगला समुपदेशक पुरतो. खाणं-झोप गेलेली असेल किंवा मरणाचे विचार असतील तर आधी डॉक्टर.

सरकारी सोय लोकांना वाटते त्यापेक्षा बरी आहे. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मनोविकार विभाग असतो. वार ठरलेले असू शकतात, आधी फोन करून विचारा. केईएम, नायर, सायन, ससून, नागपूरचं मेडिकल इथे रोजची ओपीडी भरते. गर्दी असते, केसपेपरच्या रांगेत सकाळ जाते, डबा बरोबर ठेवा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं म्हटलं की उंच भिंती डोळ्यांपुढे येतात, पण तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे आणि तिथून औषध घेऊन संध्याकाळी घरी जाणारे पुष्कळ असतात. गोव्यात बांबोळीचं इन्स्टिट्यूट ऑफ सायकिअॅट्री अँड ह्युमन बिहेविअर. समुपदेशन आणि मानसोपचारासाठी ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे. दारू हा प्रश्नाचा निम्मा भाग असेल तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. दारू सुटल्याशिवाय नैराश्य नीट बरं होत नाही, आणि नैराश्याकडे न बघता दारू सोडवली तर ती टिकत नाही. दोन्ही एकदम सांगा.

गावात यातलं काहीच नसेल तर टेलि-मानस: १४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही सेवा फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. घरच्यांनी फोन करून "आमच्याकडे असं असं आहे, काय करू" विचारलं तरी चालतं. आशाताईलाही विचारा. मधल्या काळात गावपातळीवर काय करता येतं याचा एक चांगला दाखला आपल्याच राज्यात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या गोव्याच्या 'संगथ' संस्थेने 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी बोलायला सुरुवात केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. डॉक्टरांची फौज आली नव्हती. कुणीतरी दारात येऊन विचारलं, एवढंच.

५. तो यायलाच तयार नसेल तर

"तुला डॉक्टरची गरज आहे का" असं विचारू नका. उत्तर "नाही" येणार. "गुरुवारी अकराची वेळ घेतलीय, मी सुट्टी काढलीय, दहाला निघू" असं म्हणा. आजार मान्य करायला लावू नका. "झोपेसाठी दाखवून येऊ" एवढ्यावर बरेच जण येतात, आणि झोप खरंच गेलेली असते, त्यामुळे हे खोटंही नाही. फसवून मात्र नेऊ नका. दारावरची पाटी वाचून विश्वास उडाला तर दुसऱ्या खेपेला तो घराबाहेर पडणार नाही. ज्याचं तो ऐकतो असा एक माणूस शोधा: मेहुणा, जुने सर, मावशी. तरीही नाहीच म्हणाला तर तुम्ही एकटे जाऊन डॉक्टरांशी बोला.

घरातले वडीलधारे देवऋषी किंवा भगताकडे नेण्याचा आग्रह धरतील. यावर घरात युद्ध पेटवण्यात शक्ती घालवू नये असं माझं मत आहे. अंगारा लावला, नवस बोलला, गोळ्याही चालू राहिल्या, तर बिघडत नाही. रेष दोन ठिकाणी ओढा: गोळ्या बंद करा असं सांगितलं तर, आणि अंगाला हात लावला तर. भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, बांधणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

६. पहिली भेट

जाण्यापूर्वी एका कागदावर लिहा: कधीपासून, आधी असं कधी झालं होतं का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, दारू-तंबाखू किती, घराण्यात कुणाला मानसिक आजार किंवा आत्महत्या. शेवटचं लोक लपवतात. "काका विहिरीत पाय घसरून पडले" हे तीस वर्षं सांगितलेलं असतं. डॉक्टरांना खरं सांगा. जुनी फाइल आणि रिपोर्ट घ्या.

आणखी एक गोष्ट आठवून जा, कारण तिच्यावर औषध ठरतं. पूर्वी कधी उलट अवस्था आली होती का? चार दिवस-आठवडाभर झोप न घेताही उत्साह मावत नाही, बडबड, भरमसाट खर्च, मोठमोठ्या योजना. असं असेल तर आजार बायपोलर असू शकतो, आणि त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर प्रकरण दुसऱ्या टोकाला जाऊ शकतं. डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही होऊन सांगा.

आत थोडा वेळ तुम्ही असा, थोडा वेळ त्याला एकट्याला बोलू द्या. सुनेला सासूसमोर, मुलाला वडिलांसमोर बोलता येत नाही. बाहेर आल्यावर "काय म्हणाले, काय सांगितलंस" अशी उलटतपासणी नको. २०१७ च्या कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, त्यामुळे ऑफिसात कळेल ही भीती घालवा. आरोग्यविम्यात मानसिक आजार शारीरिक आजारांप्रमाणेच धरायला हवेत असंही तोच कायदा सांगतो. पॉलिसीतल्या अटी मात्र नीट वाचा.

७. गोळ्या चालू झाल्यावर

बहुतेकांचे उपचार इथेच मोडतात, म्हणून जरा सविस्तर.

सुरुवातीला बहुधा एसिटालोप्राम, सर्ट्रालिन किंवा फ्लुओक्सेटिनसारखी गोळी कमी डोसमध्ये दिली जाते. तिची चाल उलटी असते: त्रास आधी, फायदा नंतर. पहिल्या आठवडा-दीड आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, थोडी अस्वस्थता, झोपेत फरक जाणवतो. फायदा दिसायला दोन ते चार आठवडे आणि पूर्ण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. मधल्या पंधरा दिवसांत माणूस म्हणतो, "याने तर आणखी बिघडलं", आणि पाकीट कपाटात जातं. हे असं होणार आहे ते पहिल्याच दिवशी त्याला सांगून ठेवा. गोळी तुम्ही हातात द्या. सुधारणा घरच्यांना आधी दिसते, त्याला नंतर: आधी झोप, मग भूक, मग एखादं आपणहून बोललेलं वाक्य, आणि मन सगळ्यात शेवटी.

पहिल्या आठवड्यांत लक्ष अधिक ठेवा, पंचविशीच्या आतल्या मुलांवर तर विशेष. मन वर येण्याआधी अंगातली शक्ती परत येते आणि तो काळ जोखमीचा असतो. विलक्षण बेचैनी दिसली किंवा मरणाचं बोलणं वाढलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.

सवय लागते का? या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही. पण एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, अंगात करंट गेल्यासारखं वाटणं असे त्रास होतात, म्हणून डोस हळूहळू उतरवावा लागतो. सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या-घबराटीच्या गोळ्यांची. त्या डॉक्टर सुरुवातीच्या काही आठवड्यांसाठी देतात. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून त्या वर्षानुवर्षं आणत राहणं हा वेगळाच आजार होऊन बसतो. चिठ्ठीवरची कोणती गोळी किती दिवसांसाठी, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

लैंगिक इच्छा कमी होणं हा नेहमीचा दुष्परिणाम आहे, आणि कुणी बोलत नाही म्हणून कित्येक पुरुष गोळी गुपचूप सोडतात. बोललं तर डॉक्टर गोळी किंवा डोस बदलतात. गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर तेही आधी सांगा. गोळी आपल्या मनाने थांबवणं हा त्यावरचा उपाय नाही.

बरं वाटू लागल्यानंतर, आणि हे वाक्य ठळक अक्षरांत फ्रीजवर लावण्यासारखं आहे, गोळी पुढे निदान सहा ते नऊ महिने घ्यायची असते. पूर्वी एक-दोनदा असाच आजार होऊन गेला असेल तर आणखी लांब. खर्च परवडत नसेल तर तसं सांगा. यांतल्या बऱ्याच गोळ्यांचे स्वस्त जेनेरिक पर्याय जनऔषधी केंद्रात मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत.

कधी डॉक्टर ईसीटी सुचवतात, म्हणजे ज्याला लोक शॉक म्हणतात. माणसाने अन्नपाणी सोडलं असेल किंवा जिवाचा धोका असेल तेव्हा गोळीची वाट बघायला वेळ नसतो. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ती करायला कायद्याने बंदी आहे. सिनेमातलं दृश्य डोक्यातून काढा आणि प्रश्न विचारून ठरवा.

८. घरी रोज काय

मनाची वाट न बघता काम सुरू करायचं. मन आलं की फिरायला जाऊ असं म्हटलं तर मन येत नाही, कारण तेच आजारी आहे. आधी पाय बाहेर पडले की मन थोडंसं मागून येतं. याला शास्त्रीय आधार आहे आणि तो गोव्यात मिळालेला आहे. 'संगथ'ने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून सहा ते आठ भेटींचं समुपदेशन करून घेतलं. त्याचा गाभा हाच: दिवसात छोटी, अर्थ असलेली कामं परत आणायची. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. बऱ्यापैकी तीव्र किंवा तीव्र नैराश्य असलेल्यांपैकी तीन महिन्यांनी या समुपदेशनाच्या गटात ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते, नुसत्या नेहमीच्या देखरेखीच्या गटात ३९ टक्के.

तेव्हा लहान सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात फक्त ठरलेल्या वेळी उठणं आणि अंघोळ. मग तुमच्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. मग एका झाडाला पाणी, एक फोन. "काय करायचंय तुला" असं विचारू नका, दोनच पर्याय ठेवा: पोहे की उपमा, आता की अर्ध्या तासाने. केलं तर कौतुकाचा सोहळा नको, राहिलं तर हिशेबही नको. नोकरी सोडणं, जमीन विकणं, घटस्फोट असले निर्णय बरं होईपर्यंत लांबणीवर टाका. लग्न लावून दिलं की ठीक होईल ही कल्पनाही त्यातच आली, आणि त्यात दुसऱ्या एका माणसाचं आयुष्य पणाला लागतं.

आणि तुम्ही स्वतः. आठवड्यातून निदान एक संध्याकाळ दुसऱ्या कुणाला बसवून बाहेर पडा. पाळी ठरवा. एकाच माणसावर सगळं पडलं की तीन महिन्यांत घरात दोन रुग्ण होतात.

९. फरक पडत नसेल तर, आणि पडल्यानंतर

पुरेशा डोसमध्ये सहा आठवडे नेमाने गोळ्या घेऊनही फरक नसेल तर डॉक्टर डोस वाढवतात, गोळी बदलतात, जोडीला दुसरी देतात किंवा निदान पुन्हा तपासतात. दुसरं मत घेण्यात अपमान कुणाचाच नाही, फक्त फाइल बरोबर न्या म्हणजे नव्याने सुरुवात होत नाही. गोळ्या आणि मानसोपचार दोन्ही मिळत असतील तर मध्यम आणि तीव्र आजारात दोन्ही घ्या.

हा आजार उलटू शकतो. म्हणून बरं झाल्यावर, डोकं स्वच्छ असताना, त्याच्याशी बसून एक कागद तयार करा. या वेळी सगळ्यात आधी काय बिघडलं होतं? कुणाची झोप, कुणाचं फोन न उचलणं, कुणाचं देवपूजा सोडणं. ती दोन-तीन लक्षणं लिहा. कोणती गोळी किती डोसला लागू पडली, कोणती सोसली नाही. डॉक्टरांचा नंबर. आणि पुन्हा तसं दिसलं तर कुणी बोललेलं त्याला चालेल, हे त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. एक प्रत फाइलमध्ये ठेवा, एक फोटो तुमच्या फोनमध्ये.